मूल लपवायचं म्हणजे काय काय करायचं

‘गावकऱ्यांनी ज्यू मुलांना आपल्या घरांत लपवलं.’ दुसऱ्या महायुद्धावरच्या लिखाणात हे वाक्य हमखास भेटतं, आणि लगेच गोष्ट दुसरीकडे वळते. लपवलं म्हणजे नेमकं काय केलं? रेशनच्या नोंदीत ज्याचं नाव नाही असं तीन वर्षांचं पोर, आजूबाजूला शेजारी असताना, दोन-अडीच वर्षं घरात सांभाळायचं तर रोज काय काय करावं लागतं? त्या युद्धात साधारण १५ लाख ज्यू मुलं मारली गेली. वाचली त्यातली बरीच मुलं परक्यांच्या घरांत, कॉन्व्हेंटांत, शेतावरच्या वस्त्यांत वाचली. त्या माणसांना शूर म्हणून मोकळं झालं की त्यांनी केलेलं काम दिसत नाही. हे काम बरंचसं घरकाम होतं आणि उरलेलं कागदांचं. म्हणून आज फक्त त्या कामाबद्दल लिहितो आहे.

डच लोकांत लपून राहण्यासाठी जो शब्द रुळला तो ‘ऑन्डरडाउकन’, म्हणजे बुडी मारणं. आपल्याकडे गोव्यात शिणाणे, म्हणजे खडकावरचे शिंपले, काढायला खडकांपाशी बुड्या मारणारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा शब्द चटकन कळेल. बुडी मारणारा कितीही पट्टीचा असला तरी श्वासासाठी वर येतोच. या मुलांना वर येण्याची सोय नव्हती. दूध, चपला, औषध, शाळेतलं नाव, सगळं कुणीतरी खाली नेऊन द्यायचं होतं.

आधी कागद. जर्मनीनं मे १९४० मध्ये नेदरलँड्स घेतलं आणि पुढच्या वर्षी ज्यूंची नोंदणी केली. सुमारे १,४०,००० माणसांनी मुकाट्यानं नावं नोंदवली, कारण सरकारी कागद भरायची तिथं सवयच होती. त्यातले एक लाखाहून जास्त लोक पुढं मारले गेले. ओळखपत्रावर फोटो, बोटाचा ठसा आणि ज्यू असेल तर मोठं ‘जे’ अक्षर. मे १९४२ पासून कपड्यांवर पिवळा तारा. पण तारा सहा वर्षांपासून पुढच्यांना सक्तीचा होता आणि ओळखपत्र पंधरापासून पुढच्यांना. म्हणजे सहाच्या आतलं मूल रस्त्यावर चालताना त्याच्या अंगावर काहीही लिहिलेलं नसे. लहान मुलं जास्त वाचवता आली त्याचं एक कारण हे इतकं साधं आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तारा उसवूनच बाहेर न्यावं लागे. आणि तारा उसवला की कापडावर ताऱ्याच्या आकाराचा न विटलेला भाग उठून दिसू शकतो, शिवाय टाक्यांची भोकं राहतात. तेव्हा कोटच बदलणं बरं.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्लांटाज मिडनलान या रस्त्यावर एक नाट्यगृह होतं. १९४२ च्या उन्हाळ्यापासून जर्मनांनी तिथं पकडलेल्या ज्यूंना कोंबायला सुरुवात केली. तिथून त्यांना वेस्टरबोर्क छावणीत आणि पुढं पोलंडमध्ये नेत. मुलांच्या रडण्याचा पहारेकऱ्यांना त्रास होऊ लागला, म्हणून साधारण बारा वर्षांपर्यंतची मुलं रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवू लागले. पाळणाघराच्या प्रमुख होत्या हेन्रिएट हेन्रिक्स पिमेंटेल.

गोव्याच्या माणसाला या आडनावापाशी थांबावंच लागतं. हेन्रिक्स, पिमेंटेल ही नावं अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू बाईला कशी? तिचे पूर्वज पोर्तुगीज ज्यू. पोर्तुगालमधल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या भीतीनं जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडे सरकत गेली त्यांतलं हे एक. त्याच इन्क्विझिशनची कचेरी १५६० मध्ये गोव्यात उघडली आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालली. पणजीत चर्चसमोरच्या चौकातल्या बागेला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे. हा वैद्य ज्यू कुळातला. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली. त्याची बहीण कातारिना हिला त्याआधीच, १५६९ मध्ये, जिवंत जाळलं होतं. पिमेंटेलबाईंच्या पाळणाघरातलं काम वाचताना मला ही बाग डोळ्यांसमोर येते.

तिथून साधारण ६०० मुलं बाहेर निघाली. कशी, ते नीट पाहण्यासारखं आहे.

पहिली पायरी आईबापांना विचारण्याची. वाहतुकीची गाडी सुटायच्या आदल्या रात्री, कधी काही मिनिटांत, आईनं ठरवायचं: मूल बरोबर न्यायचं की अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं. बऱ्याच आयांनी नाही म्हटलं. पुढं काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, कामाच्या छावणीत का होईना, पोर आपल्याजवळ राहील. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. होकाराशिवाय मूल घेत नसत, हा नियम फार मोलाचा होता.

दुसरी पायरी नोंदीची. नाट्यगृहाच्या कारभारावर ज्यू मंडळानं नेमलेला वॉल्टर झ्यूस्किंड आणि त्याचा सहकारी फेलिक्स हाल्वरस्टाड हे दोघं कार्डांच्या पेटीतून मुलाचं कार्ड काढून टाकत किंवा आकडा बदलत. झ्यूस्किंडला जर्मन अधिकाऱ्यांशी गोड बोलता येई, त्यांना दारू पाजून तो वेळ काढी. कार्ड राहिलं आणि मूल नाही, तर चौकशी होणार. म्हणून मूल हलवण्याआधी कार्ड हललं पाहिजे. तान्हं मूल नोंदीतून निघालं नसेल तर आई दुपट्यात बाहुली गुंडाळून, छातीशी धरून गाडीत चढे. पहारेकऱ्यानं दुपटं उघडलं नाही तर संख्या जुळायची.

तिसरी पायरी दाराबाहेर काढण्याची. पाळणाघर आणि नाट्यगृह समोरासमोर, मधून ट्राम. पहारेकरी नाट्यगृहाच्या दारात उभे. ट्राम मध्ये आली की पहारेकऱ्यांना पाळणाघराचं दार काही सेकंद दिसत नसे. तेवढ्यात मूल काखेत मारून बाहेर पडायचं, ट्रामच्या आडोशानं चालत राहायचं आणि पुढच्या थांब्यावर ट्राम पकडायची. धावायचं नाही. धावणारं माणूस कुठल्याही गावात नजरेत भरतं. दुसरी वाट मागच्या अंगणातून. शेजारी अध्यापक विद्यालय होतं, प्रमुख योहान व्हान हुल्स्ट. दोन अंगणांमध्ये झुडपांचं कुंपण. त्यावरून मुलं पलीकडे द्यायची, विद्यालयाच्या खोलीत थांबवायची आणि मग पिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून किंवा सायकलवर पुढं न्यायची. विद्यार्थ्यांची ये-जा असल्यानं तिथून पिशव्या घेऊन निघणारी तरुण पोरं-पोरी कुणाच्या डोळ्यांवर येत नसत.

सप्टेंबर १९४३ च्या शेवटी जर्मनांनी पाळणाघर रिकामं केलं. त्या दिवशी व्हान हुल्स्टना आणखी काही मुलं नेता येणार होती, पण किती? जास्त नेली तर सगळंच उघडं पडणार. त्यांनी बारा नेली. पुढं शंभरी ओलांडेपर्यंत जगले, आणि ज्यांना नेता आलं नाही त्यांच्याबद्दल बोलत राहिले. पिमेंटेलबाईंना त्याआधीच, जुलैमध्ये, नेलं होतं. त्या ऑशविट्झला मारल्या गेल्या. झ्यूस्किंडही युद्ध संपायच्या आत, १९४५ मध्ये गेला.

आता वाहतूक. मुलं नेण्याचं काम बहुतेक ठिकाणी विशी-बाविशीतल्या मुलींनी केलं. तरुण पुरुष आगगाडीत दिसला की त्याला सक्तीच्या मजुरीसाठी उचलायची भीती होती. बाईबरोबर मूल असणं मात्र जगात कुठंही नवल नाही. काळ्या केसांची मुलं शक्यतो दक्षिणेला लिम्बुर्खमध्ये पाठवत, सोनेरी केसांची उत्तरेला फ्रीसलंडमध्ये, म्हणजे तिथल्या मुलांत ती मिसळून जात. लिम्बुर्खमधल्या हेर्लन शहराजवळची खाणकामगारांची घरं मोठी आणि कॅथलिक, आठ-नऊ मुलांची. त्यांत दहावं सहज मावे. एकट्या एका गटानं या भागात सुमारे अडीचशे मुलं ठेवली.

गाडीत काय बिघडतं? मूल बोलतं. चार वर्षांचं पोर डब्यातल्या अनोळखी बाईला सांगतं, ‘माझं खरं नाव हे नाहीच मुळी.’ म्हणून नाव आधी घटवून घ्यायचं. काही ठिकाणी मुलाला झोपेतून उठवून नाव विचारत, कारण अर्धवट झोपेत माणूस खरं बोलतो. फार लहान मुलाचं पहिलं नाव शक्य तर तसंच ठेवत, फक्त आडनाव बदलत. मोठ्यांच्या बाबतीत आद्याक्षरं तीच ठेवण्याची काळजी घेत, कारण रुमालावर आणि बनियनवर ती अक्षरं आधीच भरलेली असत. ही बारीक गोष्ट एखाद्या शिंप्याला किंवा धोबिणीलाच सुचावी.

मग गोष्ट रचायची: हे मूल कुणाचं? मे १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला होता, म्हणून ‘रॉटरडॅमचं पोर, घर गेलं, आईबाप गेले’ ही गोष्ट खपत असे. पण गावात आधीच दोन ‘रॉटरडॅमची’ मुलं आली असली की तिसऱ्याबद्दल कुजबुज सुरू होते. शहरातली आजारी बहीण, तिची मुलगी, हीसुद्धा चालू गोष्ट. त्यात अडचण अशी की गावात सगळ्यांना सगळ्यांच्या बहिणी ठाऊक असतात. आपल्या वाड्यावर एखाद्याच्या घरी अनोळखी पोर आलं तर किती वेळात बातमी देवळापाशी पोचेल त्याचा विचार करा, म्हणजे अंदाज येईल. तान्ही मुलं ठरल्याप्रमाणे दारात सोडून जायची आणि घरमालकानं ‘बेवारशी मूल सापडलं’ म्हणून रीतसर नोंद करायची, ही युक्ती काही काळ छान चालली. पण सापडलेल्या बाळांची संख्या वाढली, तेव्हा जर्मनांनी अशी सगळी बाळं ज्यूच धरायची असा हुकूम काढला. चांगली युक्ती फार जणांनी वापरली की ती मरते.

पोलंडमध्ये सगळंच जास्त भयंकर होतं. ऑक्टोबर १९४१ च्या फर्मानानं ज्यूला आसरा देणाऱ्यालाही देहदंड ठरवला, आणि तो प्रत्यक्षात अमलात येई. मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबात २४ मार्च १९४४ ला लपलेले आठ ज्यू, त्यांना आसरा देणारं जोडपं आणि त्यांची सहा लेकरं, सगळ्यांना मारलं. वॉर्सातल्या बऱ्याच ज्यू मुलांना घरात यिडिश ही ज्यूंची भाषा बोलायची सवय. पोलिश बोलले तरी हेल वेगळा. त्यांना आधी भाषा, मग क्रूस करणं, मग प्रार्थना शिकवायची. रस्त्यात कुणी अडवून पहिला प्रश्न तोच विचारी: प्रार्थना म्हणून दाखव. नुसती पाठ असून भागत नसे. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे आपसूक व्हायला हवं. आपल्याकडे कॅथलिक शेजाऱ्याच्या मयताला गेलेल्या प्रत्येकाला ही धांदल माहीत आहे: उठायचं की बसायचं, ते पुढच्या रांगेकडे बघून ठरवायचं. त्या मुलांना पुढच्या रांगेकडे बघण्याचीही मुभा नव्हती.

मुलग्यांची सुंता झालेली असे. तेव्हा आंघोळ फक्त घरच्या बाईनं घालायची, ओढ्यावर पोहायला पाठवायचं नाही, आजार झाला तर ओळखीचाच डॉक्टर. काही डॉक्टरांनी आजारामुळे शस्त्रक्रिया करावी लागली असे दाखले लिहून दिले. याच कारणामुळे मुलींना घर मिळणं सोपं जाई.

रोजच्या संसाराकडे येऊ, कारण बहुतेक वेळ इथंच गेला. अन्न रेशनवर. नेदरलँड्समध्ये मूळ कार्ड दाखवून ठरावीक काळानं कुपनं मिळत. लपलेल्याला कार्ड नाही, म्हणून कुपन नाही, म्हणून ब्रेड नाही, दूध नाही. एखादा पाहुणा आठवडाभर घरच्यांच्या वाट्यातून जेवतो, वर्षभर नाही. म्हणून कुपनांचं जाळं उभं राहिलं. कचेरीतले कारकून जास्तीची कुपनं बाजूला काढत, आणि पुढं सशस्त्र टोळ्या रेशन कचेऱ्यांवर धाडी घालून गठ्ठे पळवू लागल्या. हे गठ्ठे सुटे करून, घराघरांत माणसं मोजून, कुणीतरी सायकलवरून वाटत फिरे. धाडीची गोष्ट सगळे सांगतात, वाटणाऱ्यांची फारशी कुणी सांगत नाही. जर्मनांनी मग नवीन मूळ कार्ड काढलं, जे घ्यायला ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं आणि त्यावर शिक्का चिकटवून घ्यायचा. हेतू हाच की बुडी मारलेला माणूस वर यावा. शिक्केही मग चोरले आणि बनवले गेले.

पैसा लागतोच. शेतकऱ्याकडे बटाटे असतील, शहरातल्या विधवेकडे काय असणार? म्हणून बऱ्याच घरांना महिन्याला खर्ची मिळे. उट्रेख्तच्या विद्यार्थ्यांनी जर्मनांनी गोळ्या घातलेल्या अठरा जणांवरची एक कविता चोरून छापली आणि विकून मुलांसाठी पैसा उभा केला. वॉर्सात ‘झेगोटा’ या गुप्त समितीकडून माणशी महिना साधारण ५०० झ्लॉटी मिळत, पण महागाई अशी की तेवढ्यात पोट भरणं कठीण होतं. पैसे घेतले म्हणून त्या माणसांचं काम हलकं झालं असं मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. ज्याच्या घरात चार माणसं जेमतेम जेवतात त्यानं पाचव्यासाठी पैसे घेतले, तर त्यानं हिशेब केला, एवढंच.

मग कपडे. दोरीवर वाळत घातलेले कपडे सगळ्या गावाला वाचता येतात. म्हातारा-म्हातारीच्या घरामागं दुपटी किंवा छोटा फ्रॉक दिसला की संपलं, मग कपडे घरातच, चुलीपाशी वाळवायचे. पाय वाढतात आणि चामडं मिळत नाही. बाहेर न पडणाऱ्या मुलाला चपलांशिवाय चालवून घेता येतं, पण पळायची वेळ आली तर? म्हणून दाराशी एक लाकडी जोडा तयार हवा. रात्रीचं अंथरूण ओलं करणं या मुलांत फार होतं. सहा-सात वर्षांची मोठी मुलंही करत. साबण रेशनवर, गादी एकच. थकलेल्या बाईच्या हातून कधी चापट बसली असेल, आणि बसलीच. यजमान चांगले असूनही मूल दुसरीकडे हलवावं लागलं तर बरेचदा कारण हे असलंच असे: अंथरूण, खोकला, घरातल्या सख्ख्या मुलाशी भांडण. एकाच मुलाला चार-पाच घरं फिरावी लागणं नेहमीचं होतं. दर घराला नवीन गोष्ट, कधी नवीन नाव.

खोकल्याचं विशेष सांगायला हवं. उघडपणे भाचा-भाची म्हणून राहणारं मूल खोकलं तरी चालतं. माळ्यावर लपलेलं खोकलं तर खालच्या पाहुण्याला ऐकू जातं. जी मुलं बंदिस्त राहिली त्यांना खिडकीपाशी जायला बंदी, दिवसा पाण्याचा नळ सोडायला बंदी, घरात पाहुणा असेपर्यंत संडासाला बंदी. झडती आली तर अंथरूण गरम लागतं. म्हणून गादी उलटी करायची, गार बाजू वर. थाळ्या मोजून ठेवायच्या: घरात माणसं तीन तर टेबलावर थाळ्या तीनच.

शेजारी. हा भाग लिहायला जड जातो. नेदरलँड्समध्ये १९४३ साली पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यूमागं साडेसात गिल्डर इनाम मिळे, पुढं रक्कम वाढली. मुलांचेही तेवढेच. एका टोळीनं तो धंदाच केला आणि काही महिन्यांत हजारो माणसं दिली. पोलंडमध्ये ब्लॅकमेल करणाऱ्यांना ‘श्माल्त्सोव्हनिक’ म्हणत. हा शब्द चरबीवरून आला. एकदा पैसे दिले की ते परत येणार, म्हणून पैसे देऊन त्याच दिवशी मूल हलवायचं. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्समधलं न्यूवलांडे गाव. तिथं जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी लपलेलं होतं. सगळेच गुंतलेले, म्हणून चुगली कुणी करायची?

एकत्र ठेवायची की पांगवायची, हा प्रश्न फ्रान्समध्ये ‘ओ.एस.ई.’ या ज्यू बालसंस्थेपुढं होता. मोठ्या बालगृहात शिक्षण, खेळ, डॉक्टर, सगळी सोय होते आणि भावंडं एकत्र राहतात. पण एक ट्रक आला की सगळीच जातात. इझियू गावात असं एक घर होतं. ६ एप्रिल १९४४ च्या सकाळी ल्यों शहरातल्या गेस्टापोनं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, तिथून ४४ मुलं आणि सात मोठी माणसं नेली. जॉर्ज गारेल नावाच्या इंजिनिअरनं १९४३ पासून ‘ओ.एस.ई.’ची मुलं खोट्या नावांनी बिगरज्यू घरांत आणि संस्थांत पांगवायला सुरुवात केली होती. मूल एकटं पडतं हे त्याला कळत होतं, तरीही. इटलीत नोनान्तोला गावानं हेच काम घाईत केलं. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन आले तेव्हा तिथल्या वाड्यात राहणारी ७३ मुलं पाद्री आरिगो बेक्कारी आणि डॉक्टर जुझेप्पे मोरेआली यांनी गावकऱ्यांच्या मदतीनं दोन दिवसांत सेमिनरीत आणि शेतकऱ्यांच्या घरांत विखुरली आणि पुढं स्वित्झर्लंडला पोचवली.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मुलाचं नाव असं पुसायचं की कुणालाच सापडू नये, आणि तेच नाव असं जपायचं की युद्धानंतर आईला पोर सापडावं. काहीच लिहून ठेवलं नाही तर दोन वर्षांच्या मुलाला आपण कोण हे कधीच कळणार नाही. लिहून ठेवलं आणि वही पकडली गेली तर सगळीच जातील.

बेल्जियममध्ये ‘ज्यू संरक्षण समिती’च्या बालविभागानं यावर काढलेला तोडगा पाहा. वह्या पाच. एका वहीत खरं नाव आणि त्यापुढं आकडा. दुसऱ्या वहीत खोटं नाव, तोच आकडा. घरांचे पत्ते वेगळ्या वहीत, तेही संकेतांनी. पाचही वह्या वेगवेगळ्या ठिकाणी. एक वही हाती लागली तर त्यातून काहीच कळत नाही, अनेक वह्या शेजारी ठेवल्या तरच मूल सापडतं. या पद्धतीवर दोन हजारांहून जास्त मुलं सांभाळली गेली. आईबापांना पत्ता सांगत नसत. आईला पत्ता कळला तर ती एकदा तरी पाहायला जाईल, आणि कुणीतरी तिच्या मागं जाईल.

वॉर्सात इरेना सेंडलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्यांवर नावं लिहिली. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापो तिच्या घरी आला, तेव्हा तिनं गुंडाळी मैत्रिणीकडे फेकली आणि मैत्रिणीनं ती कपड्यांत लपवली. पुढं याद्या बरणीत घालून एका सहकारी बाईच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या. २,५०० मुलं हा आकडा नेहमी तिच्या एकटीच्या नावावर सांगतात. तो पूर्ण जाळ्याचा आहे, आणि त्या जाळ्यात बायकाच जास्त होत्या.

आणि एक चमचा. एल्झबिएता फिट्सोव्हस्का सहा महिन्यांची असताना, १९४२ च्या उन्हाळ्यात, तिला झोपेचं औषध देऊन लाकडी पेटीत घातलं. पेटीला हवेसाठी भोकं. विटांनी भरलेल्या गाडीतून ती पेटी वॉर्साच्या घेट्टोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीबाहेर आली. पेटीत आईनं एक चांदीचा चमचा ठेवला होता. त्यावर कोरलेलं: एल्झुनिया, ५ जानेवारी १९४२. लाडाचं नाव आणि जन्मतारीख, आडनाव नाही. आईबाप दोघंही मारले गेले. आईनं पाठवलेल्या वस्तूंत तेवढाच चमचा तिच्याकडे राहिला.

बाप्तिस्म्याबद्दल गप्प राहून चालणार नाही. कॉन्व्हेंटात ठेवलेल्या मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला लागे, आणि तो खोटा असला तरी भागे. पण बऱ्याच ठिकाणी खराच बाप्तिस्मा दिला गेला. मुलांनाही तो हवासा वाटे. सगळ्या मैत्रिणी पांढरा झगा घालून पुढं जातात, आपण एकटी मागं. कुमसाराला पाद्रीपुढं गुडघे टेकून आपलं खोटं नाव हेच पाप म्हणून सांगावं का, या प्रश्नानं छळलेली पोरं होती. गोव्यात हा विषय परका नाही. १५५९ च्या फर्मानानं आईबाप, आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं उचलून ख्रिस्ती करण्यासाठी सेंट पॉल कॉलेजात द्यायची असं ठरलं, आणि लोक अशी पोरं नदी ओलांडून अंत्रुजाच्या, म्हणजे फोंड्याच्या बाजूला पोचवू लागले. कुशस्थळीचा मंगेश देव ज्या वाटेनं पलीकडे गेला तीच ही वाट. म्हणून मला वाटतं, जीव वाचवणाऱ्या हातानं मुलाचं मूळ काढून घेतलं का, हा प्रश्न गोव्यात बसून विचारला तर तो कुणाला दुखवायला विचारला असं होत नाही.

युद्ध संपलं तेव्हा हा प्रश्न कोर्टातच गेला. ग्रेनोब्लजवळच्या फिनाली भावांचे आईबाप १९४४ मध्ये नेले गेले. पोरं एका पाळणाघराच्या बाईकडे वाढली. तिनं त्यांना बाप्तिस्मा दिला आणि आत्यांनी मागितली तरी देईना. मुलं स्पेनमध्ये पळवली गेली आणि १९५३ मध्ये परत आली. नेदरलँड्समध्ये आईबाप न परतलेल्या दोन हजारांवर मुलांचं काय करायचं हे ठरवायला सरकारनं समिती नेमली, आणि मूल ज्यू नातेवाइकांकडे जावं की जिथं वाढलं तिथंच राहावं यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. दोन्हीकडे खरी माया होती.

ब्रसेल्सची आंद्रे ग्यूलेन शिक्षिका होती. वर्गात काही मुलींच्या कपड्यांवर तारा दिसू लागला, तेव्हा तिनं सगळ्याच मुलींना एप्रन घालून यायला सांगितलं, म्हणजे कुणाचाच कपडा दिसू नये. मग ती त्या पाच वह्यांच्या कामात शिरली. दारोदार जायचं, आईच्या हातून मूल घ्यायचं, कुठं नेते हे सांगायचं नाही. सुमारे तीनशे मुलं तिनं अशी नेली, आणि प्रत्येक नाव तिच्या लक्षात राहिलं. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रसेल्स सुटलं. वह्या एकत्र आल्या, आकडे जुळवले, आणि ती पुन्हा निघाली, यावेळी दुसऱ्या दारांवर. आत दोन वर्षं वाढवलेलं पोर होतं, आणि ज्या बाईला ते आई म्हणत होतं ती दारात उभी.